शेतीचं विचारा : ‘काळं खत’ गाडीभाड्यात मिळतंय, घालू का?

प्रश्न : गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं लहानसं भाट, म्हणजे बागायत आहे. पाऊस ओसरला की मी तांबडी भाजी, मुळा, मिरची लावते आणि बाजारात बसून विकते. यंदा शेणखत परवडत नाही. एका वसाहतीच्या सांडपाणी प्रकल्पातली सुकवलेली गाद, म्हणजे तळाचा गाळ, ‘काळं खत’ म्हणून नुसत्या गाडीभाड्यात मिळते. आणणारा म्हणतो, ‘ट्रीट केलेली आहे, वाससुद्धा येत नाही.’ एक टेम्पो विहिरीजवळ उतरवलाही. शेजारणीने वाफ्यात घातली, तिची भाजी हिरवीगार आहे. सासूबाई मात्र त्या ढिगाकडे बघायला तयार नाहीत.

उत्तर : ताई, वाफ्यात घालू नका. सासूबाईंचं कारण विटाळाचं असेल, माझं वेगळं आहे.

मी स्वतः यात फसलोय. काही वर्षांपूर्वी फोंड्याकडच्या आमच्या कुळागरात अशीच गाद मी केळींच्या आळ्यांत घातली. महिन्याभरात आळ्यांतून टोमॅटोची रोपं वर आली, तीही दाट. बायकोने विचारलं, ‘हे कधी पेरलंत?’ काय सांगणार! टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून न पचता बाहेर पडतं आणि प्रकल्पातूनही जिवंत निघतं. बी मेलं नाही, म्हणजे तो ढीग कधी नीट तापलाच नव्हता. मग जंतांची अंडी तरी कशी मरतील? ती तर मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ढीग आतून ५५ अंशांवर कित्येक दिवस राहावा लागतो आणि वरचेवर परतावा लागतो, म्हणजे थंड कडाही आत जाऊन तापतात. उन्हात सुकवल्याने वास जातो, एवढंच.

‘ट्रीट केलेलं’ असतं ते पाणी. पाण्यातून जे काढलं, ते गादीत बसतं. त्यात नत्र आणि स्फुरद असतं, म्हणून शेजारणीची भाजी हिरवी दिसते, ते खोटं नाही. पण शिसं, कॅडमियमही त्यातच उतरतं. आपली जांभ्याची माती मुळातच आंबट, आणि आंबट मातीत कॅडमियम मोकळं होऊन मुळांना सहज मिळतं. ते जास्त ओढून घेतात पालेभाज्या, म्हणजे नेमकी तुमची तांबडी भाजी. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी आपल्या खत नियंत्रण आदेशात किलोमागे कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यात १२ गोष्टी तपासतात, जस्त-तांबंही असतं, पण कॅडमियम आणि शिसं नाही.

नॉनस्टिक भांड्यांच्या लेपाशी नाव जोडलेली काही रसायनं तर कंपोस्ट करूनही जात नाहीत. त्यांच्यापायी अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२मध्ये शेतात गाद टाकण्यावर बंदीच घातली.

आता ढिगाचं. आधी तो विहिरीपासून लांब, उंचवट्यावर हलवा आणि ताडपत्री घाला. आपल्याकडे जमिनीतून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. हातमोजे घाला, मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. मग आणणाऱ्याकडे दोन कागद मागा : ढीग किती दिवस, किती तापला त्याची नोंद, आणि याच खेपेच्या गादीचा धातूंचा तपासणी अहवाल. कागद नसतील तर त्याच टेम्पोतून परत पाठवा, भाडं त्याचं.

कागद मिळाले आणि ठीक निघाले तरी भाजीला नकोच, काजूखालीही नको. बोंडं आपण जमिनीवरूनच वेचतो. पुरतं निर्जंतुक न केलेल्या गादीसाठी अमेरिकेचा १९९३चा नियम असा, की मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी १४ महिन्यांनंतर, आणि मुळ्यासारख्या जमिनीतल्या पिकाची २० ते ३८ महिन्यांनंतर. अबोलीला घालता येईल. ती फुलं देवाला चालतील का, हे मात्र सासूबाईंनाच विचारा, ते माझ्या खात्यात येत नाही.

यंदापुरता कुंपणावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला छाटून वाफ्यात गाडा, पंधरा-वीस दिवस कुजू द्या आणि मग लावा. शेणखताइतकं भरभरून नाही होणार, पण मिरची धरेल.

आणि शेजारणीला एवढं आजच सांगा, की या हंगामातला मुळा कच्चा खाऊ नका, विकूही नका.