विसरभोळेपणा नव्हताच तो

ऑरगॅनिक केमिस्ट्री, म्हणजे कार्बनच्या संयुगांचं रसायनशास्त्र, सुरू झालं की माझ्याकडे एकच तक्रार रांग लावून येते. ‘पाठ करतो, पण पेपरात सगळं उडून जातं.’ पालक लगेच स्मरणशक्तीवर बोट ठेवतात.

ही अकरावीतली मुलगी आईबरोबर आली. अल्केनपर्यंत, म्हणजे कार्बनमध्ये फक्त एकेरी बंध असेपर्यंत, सुरळीत होतं, दुहेरी-तिहेरी बंधांचे अल्कीन-अल्काइन आले आणि संयुगांची नावं चुकायला लागली. पहिल्या दोन भेटी “माझं डोकंच चालत नाही, मॅडम” हे ऐकण्यात गेल्या. तिसऱ्या वेळी मी वही आणायला सांगितली. चुकीमागे मुलाचं स्वतःचं काहीतरी तर्कशास्त्र असतं, असं मी मानते. याला कुणी माझा हट्ट म्हणतात, म्हणोत बापडे.

पाच कार्बनची साखळी, त्यात एक दुहेरी बंध, एक मिथाइलची, म्हणजे एका कार्बनची, फांदी. तिनं लिहिलं होतं, 2-मिथाइलपेंट-3-ईन. ‘पेंट’ म्हणजे पाच कार्बन, ‘ईन’ म्हणजे दुहेरी बंध, आकडा म्हणजे साखळीतला कितवा कार्बन. वर लाल फुली.

“हा 2 कुठून आला?”

“मिथाइल ज्या टोकाच्या जवळ, तिथून मोजलं. फांदीला लहान आकडा.”

“हे कुठे शिकलीस?”

“अल्केनमध्ये. तिथे बरोबर यायचं.”

“आणि इथे नवीन काय आलंय?”

ती बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मी गप्प बसले. अशा वेळी बोलायचं नाही, एवढं मला नक्की जमतं. तिचं बोट आपणहून दुसऱ्या टोकाला गेलं. एक, दोन... दुहेरी बंध. “आधी याला लहान आकडा? मग 4-मिथाइलपेंट-2-ईन!” आणि लगेच, “म्हणजे मी विसरले नव्हतेच.”

नव्हतीच. जुना नियम इतका पक्का बसला होता की नव्याला जागा मिळेना. पालकांनो, ‘किती वेळा वाचलंस’ यापेक्षा ‘हा आकडा कुठून आला’ असं विचारा. उत्तरातच अडलेली जागा सापडते.

दुहेरी-तिहेरी बंधांच्या संयुगांना म्हणतात त्या ‘असंपृक्त’ या शब्दानंही तिला घाबरवलं होतं. काहीतरी अर्धवट, कमअस्सल. कागदावर तीन चित्रं काढायला लावली. दोन कार्बन तेच. ईथेनला हायड्रोजन सहा, ईथीनला चार, ईथाइनला दोन. “कार्बनचे हात मोज.” प्रत्येकाचे चारच भरले. हायड्रोजन कमी, पण हात एकही रिकामा नाही, शेजारच्या कार्बनलाच दोनदा, तीनदा धरलेलं. ब्रोमीन येऊन जोडला जातो तो त्याच जागी, म्हणून ब्रोमीनच्या पाण्याचा रंग उडतो. जिथे घडामोडी होतात, त्या जागेला नावात फांदीपेक्षा मोठा मान, हे तिला पटलं. पटलेलं घोकावं लागत नाही.

शेवटच्या भेटीत प्रश्न तिनं आणला. पाच कार्बन, एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला तिहेरी. “कुठूनही मोजलं तरी 1 आणि 4 च येतात, मॅडम. आता?”

मला आठवेना. घरी जाऊन जुनं पुस्तक काढलं आणि तिला निरोप पाठवला. बरोबरी झाली तर लहान आकडा दुहेरीला, पेंट-1-ईन-4-आइन. तिचं उत्तर आलं, “मी आधीच शोधलं होतं.”