‘इंदूर’मध्ये अक्षरं किती?

प्रश्न : आमच्या मंडळाच्या वाचनालयाची सभासद-नोंदणी मी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिते आहे. पिनकोडसाठी फॉर लूप आहे: प्रत्येक कॅरेक्टर इंग्रजी शून्य ते नऊमध्ये आहे का बघायचं, नसेल तर फ्लॅग (हो-नाहीची खूण) बदलून ब्रेक, म्हणजे लूप थांबवायचा. शहराच्या नावाला असाच दुसरा लूप, त्यात ‘इजलेटर’, म्हणजे कॅरेक्टर हे अक्षर आहे का ही तपासणी. भाऊ म्हणतो, लिंक (LINQ, सी शार्पमधली याद्या आणि रांगा हाताळायची सोय) वापर, एका ओळीत होईल. बदलू का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बदला, ताई. ही सोय सी शार्प ३ पासून, म्हणजे २००७ पासून आहे. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, ही कॅरेक्टरांची रांगच, त्यामुळे तिच्यावर लिंकमधलं ‘ऑल’ (रांगेतले सगळे अट पाळतात का, हे सांगणारं) थेट चालतं. ओळ वाचली की ‘सगळे अंकच आहेत ना?’ एवढंच दिसतं, फ्लॅगच्या मागे फिरावं लागत नाही. पहिलं चुकीचं कॅरेक्टर भेटताच ऑल थांबतं, तुमच्या ब्रेकसारखंच.

मात्र ऑलच्या आत तुमची जुनी तुलनाच ठेवा. सगळे ‘चार.इजडिजिट’ (कॅरेक्टर अंक आहे का, ही तयार तपासणी) लिहितात, मीही लिहिलं होतं. सियागंजातल्या एका घाऊक दुकानाचं बिलिंग होतं. मुनीमजींनी हिंदी कीबोर्डवरून ४५२००१ टाकलं, तपासणीत ते पास झालं आणि पुढे इंट.पार्सवर, म्हणजे मजकुराची संख्या करताना, प्रोग्रॅम कोसळला. इजडिजिटला देवनागरी अंकही अंकच वाटतात, इंट.पार्सला ते कळत नाहीत. दोन दिवस मी भलतीकडेच शोधत होते. डॉटनेट (सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात ते) ७ किंवा पुढचं असेल तर ‘चार.इजअस्कीडिजिट’ वापरा, ते फक्त इंग्रजी अंक घेतं.

रिकाम्या स्ट्रिंगला ऑल ‘खरं’ म्हणतं, कारण चुकीचं एकही कॅरेक्टर सापडत नाही. म्हणून लांबी ६ आहे का, हे आधी बघा.

शहराच्या नावाचं मला जास्त वाटतं. तिथे ऑल आणि इजलेटर लावलंत तर ‘इंदूर’ नापास होईल, आणि तुमच्या आताच्या लूपमध्येही होतच असेल. त्यात पाच कॅरेक्टर आहेत: इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) लेखी अनुस्वार आणि ऊकार ही अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. आपल्याच भाषेतलं नाव आपलाच प्रोग्रॅम परत पाठवतो, हे मला सहन होत नाही. तेव्हा इजलेटरसोबत ‘नॉनस्पेसिंगमार्क’ आणि ‘स्पेसिंगकंबाइनिंगमार्क’ हे जोडचिन्हांचे दोन वर्ग चालू द्या, शिवाय मधली मोकळी जागाही. ही अट वेगळ्या फंक्शनमध्ये लिहा आणि ऑलला ते फंक्शन द्या. चाचणीला आधी ‘इंदूर’ टाका, मग ‘ग्वाल्हेर’. त्यात हलन्तही आहे.