खोटं बोलणाऱ्या याकोबाला देवाने आशीर्वाद का दिला? मुलांना काय सांगावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक वाचताय, २७व्या अध्यायाशी आलात आणि दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बापाला फसवलं तरी याकोबालाच आशीर्वाद? मग आम्ही खोटं बोललो की का रागावता?"

मुलीने बरोबर जागी बोट ठेवलंय. तिला "देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत" असं सांगून गप्प करू नका. याचं उत्तर पुस्तकातच आहे, फक्त ते २७व्या अध्यायात शोधायचं नाही. २७ ते ३३ हे सात अध्याय एका आठवड्यात, रोज एक, असे सलग वाचा. मधे स्तोत्र किंवा दुसरं काही घेऊ नका, कारण धागा तुटला की हिशेब लागत नाही.

आधी याकोबाने चोरलं काय ते बघा. म्हाताऱ्या बापाने, इसहाकाने, थोरला जुळा मुलगा एसाव समजून याकोबाला दिलेल्या आशीर्वादात आकाशाचं दहिवर, धान्य, द्राक्षारस आणि भावांवर सत्ता आहे (२७:२८-२९). इसहाकाच्या बापाला, अब्राहामाला, देवाने दिलेलं वचन, म्हणजे संतती आणि देश, त्यात नाही. ते २८व्या अध्यायाच्या सुरुवातीला येतं. तिथे इसहाक समोर कोण उभा आहे हे ओळखून, याकोबाला बोलावून तो आशीर्वाद देतो. पुढे बेथेलला देव स्वतः तेच वचन देतो. म्हणजे खरी ठेव फसवणुकीने मिळालीच नव्हती. मुलीला हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी वाचायला द्या, फरक तिलाच दिसेल.

मग चोरलेल्याची किंमत. "थोडे दिवस" मामाकडे राहा, असं आई रिबका सांगते, त्याची वीस वर्षं होतात. माय-लेकांची पुन्हा भेट झाल्याचं पुस्तक कुठेच सांगत नाही. रिबकेच्या दाईच्या, दबोरेच्या, मरणाची नोंद आहे (३५:८), खुद्द रिबकेच्या मरणाची नाही. तिला मकपेलाच्या गुहेत पुरलं एवढंच पुढे ४९व्या अध्यायात कळतं. हारानात हा मामा, लाबान, धाकट्या मुलीऐवजी, राहेलऐवजी, थोरली लेआ लग्नात देतो आणि वर म्हणतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत. थोरल्याचा हक्क हिरावून आलेल्या माणसाला हे ऐकावं लागतं! याकोबाने करडांची कातडी आणि भावाचे कपडे वापरून आंधळ्या बापाला फसवलं होतं. ३७व्या अध्यायात त्याचीच मुलं बकऱ्याचं रक्त आणि भावाचा पायघोळ झगा वापरून त्याला फसवतात. बकरा आणि कपडा, तीच दोन साधनं.

घरी परतताना यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी त्याची रात्रभर झोंबी चालते, तेव्हा त्याला विचारलं जातं, "तुझं नाव काय?" बापाने "तू कोण?" विचारल्यावर तो "एसाव" म्हणाला होता. आता तो "याकोब" म्हणतो. दुसऱ्या दिवशी लंगडत जाऊन भावापुढे सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. त्याआधी त्याने जनावरं पाठवलेली असतात: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, शिंगरांसकट ३० उंटिणी, ४० गाई, १० बैल, २० गाढवी आणि १० गाढवं. शिंगरं सोडून ५५०. आणि ३३:११ मध्ये तो एसावाला जे घ्यायला सांगतो ते मराठीत "भेट" असं येतं, पण हिब्रूत शब्द आहे "बेराखा", म्हणजे आशीर्वाद. एसावाने २७व्या अध्यायात रडून मागितलेला हाच शब्द. चोरलेलं तो परत करतो आहे. तुमच्या मुलीला मी तरी हीच ओवी आधी दाखवेन.

आता वाचण्याच्या पद्धतीबद्दल. १२ ते ५० हे ३९ अध्याय आहेत. मोठा कागद घ्या, भिंतीवर लावा आणि वंशवृक्ष आईवरून काढा, बापावरून नको. याकोबाच्या घराचे चार रकाने: लेआचे सहा मुलगे आणि दीना, राहेलची दासी बिल्हा हिचे दोन, लेआची दासी जिल्पा हिचे दोन, राहेलचे दोन. असं काढलं की दहा जण राहेलच्या योसेफावर का जळतात हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारी वयं लिहा. हारान सोडताना अब्राहाम ७५ वर्षांचा, दासी हागारेपासून इश्माएल झाला तेव्हा ८६, इसहाक झाला तेव्हा १००. इसहाकाचं लग्न ४०व्या वर्षी, जुळी मुलं ६०व्या वर्षी. वचन मिळूनही या घरांनी किती वाट पाहिली ते या आकड्यांवरून कळतं. १६व्या अध्यायाची शेवटची ओळ आणि १७व्याची पहिली यांच्यात तेरा वर्षं गेली आहेत, वाचताना एका श्वासात जातात.

१९, ३४ आणि ३८ हे अध्याय लहान मुलांसमोर मोठ्याने वाचू नका, पण मोठ्यांनी वगळू नका. ३८व्यात तामार आपल्या सासऱ्याला, याकोबाचा मुलगा यहूदा याला, त्याची मुद्रा, गोफ आणि काठी दाखवून "हे कोणाचं ते ओळखा" म्हणते. योसेफाचा रक्तात बुडवलेला झगा दाखवताना भावांनी बापाला हेच म्हटलं होतं, हिब्रूत अगदी त्याच शब्दांत. तिथून यहूदा बदलायला लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ २२व्या अध्यायात होतो, जिथे देव अब्राहामाला इसहाकाचा बळी द्यायला सांगतो आणि शेवटी थांबवतो. तो कधीही दोन दिवसांत विभागून वाचू नका. सुरा उचललेला असताना "उरलेलं उद्या" म्हणालात तर मूल रात्रभर घाबरेल. चौदाव्या ओवीपर्यंत एका बैठकीत जा आणि लगेच सांगा की मुलांचा बळी देणं हे पुढे नियमशास्त्रात स्पष्ट मना केलं आहे (लेवीय १८:२१). अजून एक बारकावा आहे: देवाने हाक मारल्यावर अब्राहाम "हिनेनी", म्हणजे "हा मी", म्हणतो आणि वाटेत इसहाकाने "बाबा" म्हटल्यावरही तोच शब्द म्हणतो. देवाला आणि लेकराला एकच ओ.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे या घरांत जे घडलं ते सगळं देवाला मान्य होतं असं धरणं. दासीकडून संतती घेण्याची रीत त्या काळी होती. इराकमधल्या नुझी इथे सापडलेल्या मृत्तिकापट्टांतल्या एका विवाहकरारात तसं कलमच आहे. पण कथा हागारेच्या बाजूने बघते. साराय आणि अब्राम (सारा आणि अब्राहाम यांची आधीची नावं) तिला "दासी" म्हणतात. तिला नावाने पहिली हाक मारतो तो परमेश्वराचा दूत (१६:८). दोन सख्ख्या बहिणी एकाच वेळी बायका करणं लेवीय १८:१८ मध्ये मना आहे, आणि नावडतीच्या थोरल्या मुलाचा हक्क आवडतीच्या मुलाला देणं अनुवाद २१:१५-१७ मध्ये. याकोबाच्या घराची दोन्ही दुखणी पुढे कायद्याने बंद केलेली दिसतात.

४४व्या अध्यायात मिसरात अधिकारी झालेल्या योसेफापुढे यहूदाने केलेलं भाषण घरातल्या कोणीतरी मोठ्याने, सावकाश वाचावं. त्यात तो बापाचं वाक्य जसंच्या तसं सांगतो: माझ्या बायकोने मला दोन मुलगे दिले. यहूदा लेआचा, म्हणजे बापाच्या त्या वाक्यात त्याची आई मोजलेलीच नाही. तरी तो राहेलच्या धाकट्या मुलाच्या, बन्यामिनाच्या, जागी गुलाम व्हायला उभा राहतो. योसेफाला विकायची कल्पना याचीच होती.

आणि ४८व्या अध्यायाच्या दिवशी मुलांना जवळ बसवा. योसेफाच्या मनश्शे आणि एफ्राईम या दोन मुलांना आशीर्वाद देताना याकोब पुन्हा धाकट्याला, एफ्राईमाला, पुढे करतो. योसेफ तोंडावर हरकत घेतो आणि म्हातारा म्हणतो, "ठाऊक आहे, मुला, मला ठाऊक आहे." त्याचीही दृष्टी आता मंदावली आहे, पण या वेळी कोणी वेष बदललेला नाही, कोणी पळून जात नाही, मनश्शे आणि एफ्राईम भांडल्याची नोंदही नाही. ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी मुलग्यांना याच दोघांच्या नावाने आशीर्वाद देतात, मुलींना सारा, रिबका, राहेल, लेआ यांच्या. वाचन झालं की तुम्हीही आपल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवा. दोन मुलं असतील तर दोन्ही हात एकाच वेळी.