गोळीसोबत हेही कर

वॉर्डात नवीन नर्स म्हणून आली आहेस, तर दुखणं कमी करायला गोळीसोबत काय करायचं ते सांगते. आधी दुखणं विचारायला शिक. ‘शून्य ते दहात किती?’ हे काटोलकडच्या आजीला पटकन कळत नाही. ती ‘लय दुखून राहिलं’ एवढंच म्हणते. तिला थोडं, मध्यम की फार, असं विचार.

पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंट खोकायला घाबरतो आणि छातीत कफ साचतो. गुडघे थोडे दुमडून दे, टाक्यांवर उशी घट्ट धरायला लाव, मग खोकायला सांग. मला हा उपाय सगळ्यात मोलाचा वाटतो.

मुरगळलेल्या पायाला बर्फ कापडात गुंडाळूनच, १५-२० मिनिटं. आखडलेल्या कमरेला शेक चालतो, पण शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांना गरम पिशवी देऊच नको. भाजलेलं त्यांना कळतही नाही.

हलक्या हाताने चोळल्यावर बरं का वाटतं, हे मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ मध्ये मांडलं: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. मात्र एकच पोटरी सुजून दुखत असेल तर नातेवाइकांना ती चोळू देऊ नकोस. आत रक्ताची गुठळी असू शकते, लगेच डॉक्टरांना कळव.

लिहून दिलेलं औषध या उपायांसाठी कधी थांबवायचं नाही. उपाय केल्यावर दुखणं पुन्हा विचार आणि चार्टवर नोंद कर.