रिमोट स्टेशन: आधी गप्प करायची सोय, मग बोलायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी हॅम रेडिओचं स्टेशन, म्हणजे आयकॉमचा आयसी-७३०० हा रेडिओ संच (रिग), त्याला यूएसबीने जोडलेला संगणक आणि तारेचा डायपोल अँटेना. तुम्ही मात्र बरेच दिवस बाहेरगावी, आणि तिथून लॅपटॉपवर स्टेशन चालवायचंय. कॉलसाइनचं (स्टेशनचं परवान्यावरचं नाव) काय, हेही विचारलंय. राउटरवर पोर्ट उघडा, रिमोट डेस्कटॉप लावा, झालं काम, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. काम होईल, नाही असं नाही. फक्त त्या सल्ल्यात एका प्रश्नाचं उत्तर नाही: तुम्ही ट्रान्समिटमध्ये असताना नेट गेलं, तर रिग गप्प कोण करणार?

सगळ्यात आधी ते ठरवा. आवाज, वॉटरफॉल (सिग्नलचं पडद्यावरचं चित्र), लॉगिंग हे सगळं नंतरचं. अमेरिकेच्या एफसीसी नियमांत नियंत्रणाचा दुवा बिघडला तर ट्रान्समिशन जास्तीत जास्त ३ मिनिटांत थांबेल अशी तजवीज हवी, असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या परवान्यात हे असो-नसो, मर्यादा म्हणून ती चांगली आहे. ७३००च्या मेनूत टाइम-आउट टायमर असतो, तो ३ मिनिटांवर लावा. पीटीटी (ट्रान्समिट सुरू करायचा इशारा) सीआय-व्ही कमांडने (संगणकातून आयकॉमची रिग चालवायची भाषा) द्या आणि यूएसबी सेंड (यूएसबीच्या इशारा-लाइनीवरून ट्रान्समिट) बंदच ठेवा. कारण संगणक रिस्टार्ट होताना आरटीएस-डीटीआर या इशारा-लाइनी मनाला येईल तशा हलतात. पीटीटी त्यांच्यावर असेल तर घरात कोणी नसताना रिग आपसूक ट्रान्समिटला जातो.

दुसरा थर पॉवर सप्लायचा. बरेच जण वायफायवरचा स्मार्ट प्लग लावतात आणि निर्धास्त होतात. अहो, पण तो प्लग त्याच राउटरवर असेल, तर नेट गेल्यावर त्याचा उपयोग काय? बंद करायची सोय एक तर स्टेशनपाशीच आपोआप चालणारी हवी, नाहीतर वेगळ्या वाटेची, म्हणजे मोबाइल सिमवर चालणारा रिले वगैरे. मी दोन्ही ठेवतो. आपोआप चालणारी सोय म्हणजे फार काही नाही. संगणकावरची छोटी स्क्रिप्ट लॅपटॉपशी संपर्क आहे का ते पाहत राहते आणि दहा सेकंद तो नसेल, तर रिगला रिसीव्हवर यायची कमांड देते.

आता पोर्ट उघडण्याबद्दल. आधी राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या नेटकडच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटायची नेट कंपनीची सोय) मागे आहात आणि कितीही पोर्ट उघडलीत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. (टेलस्केल ही व्हीपीएन सेवाही याच मालिकेतले पत्ते देते. दोन्हींत गोंधळ करू नका.) आणि सीजीनॅट नसलं, तरी पोर्ट उघडू नकाच. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं दिसलं की पासवर्ड चाचपणारे हजर होतात. हॅमलिबचा रिगसीटीएलडी (नेटवरून रिग चालवू देणारा प्रोग्राम) ४५३२ पोर्टवर ऐकतो आणि एरवी पासवर्डही विचारत नाही. तो पोर्ट उघडा म्हणजे तुमच्या कॉलसाइनची किल्ली रस्त्यावर. वायरगार्ड किंवा टेलस्केल, म्हणजे व्हीपीएनचा खासगी बोगदा लावा, बाकी सगळं त्या बोगद्यातून जाऊ द्या.

रिमोट डेस्कटॉपवरून एसएसबीवर (आवाजाने) बोलायच्या भानगडीत पडू नका. चित्रासोबत येणारा आवाज अडखळतो आणि मायक्रोफोन उलट दिशेला नेणं ही वेगळीच डोकेदुखी. घरच्या संगणकावर डब्ल्यूएफव्ह्यू (रिग दुरून चालवायचा प्रोग्राम) सर्व्हर म्हणून चालवा, लॅपटॉपवर त्याचाच क्लायंट. आवाज यूडीपीवरून (कमी उशिराची पाठवण्याची पद्धत) जातो. ओपस कोडेक (आवाज दाबून छोटा करणारा) निवडलात तर साधं मोबाइल नेटही पुरतं. १५०-२०० मिलिसेकंदांचा उशीर गप्पांना जाणवतही नाही. पाइलअपमध्ये (एकाच स्टेशनला अनेक जण हाका मारतात तेव्हा) मात्र तुम्ही नेहमी अर्धं पाऊल मागे.

सीडब्ल्यूचं, म्हणजे मोर्सचं, गणित वेगळं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगाला डिट (मोर्सचा टिंब) ६० मिलिसेकंदांचा. स्वतःचा साइडटोन (आपण पाठवलेल्या मोर्सचा ऐकू येणारा सूर) १५० मिलिसेकंदांनी परत आला तर हात अडखळणारच. म्हणून अक्षरं टाइप करून पाठवा, की-इंग रिगच करेल. पॅडलच (मोर्सची हाताची कळ) हवं असेल तर साइडटोन लॅपटॉपवरच तयार व्हायला हवा. एफटी८ला (संगणकाने पाठवायचे छोटे डिजिटल संदेश) मात्र रिमोट डेस्कटॉप उत्तम: त्याचा प्रोग्राम डब्ल्यूएसजेटी-एक्स घरच्याच संगणकावर चालतं, उशीर फक्त चित्राला. घड्याळ तेवढं बरोबर ठेवा आणि पॉवर उतरवा, कारण पंख्याचा आवाज ऐकायला तुम्ही तिथे नसता.

निघण्यापूर्वी एक चाचणी कराच. डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा भार) लावा, दुसऱ्या खोलीतून मोबाइल नेटवर लॅपटॉप जोडा, ट्रान्समिट दाबा आणि घरच्या राउटरची केबल उपटा. घड्याळात बघा, रिगचा लाल दिवा कधी विझतो. मग स्क्रिप्ट बंद करून तेच पुन्हा. आता टायमरने विझला पाहिजे. त्यानंतर खऱ्या अँटेनावर प्रत्येक बँडला पूर्ण पॉवर देऊन बघा. एखाद्या बँडवर आरएफ (रेडिओ लहरींचा सिग्नल) यूएसबी केबलमध्ये शिरतं आणि संगणकाला रिग दिसेनासा होतो. घरी असताना आपण केबल काढून घालतो, लांबून ते कोण करणार? ३१ मिक्सच्या फेराइटवर (रेडिओ लहरी अडवणारं कडं) केबलचे चार-पाच वेढे घ्या, शक्यतो दोन्ही टोकांना. संगणकाच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावा. राउटर आणि संगणक यूपीएसवर. वादळी हवामानात अँटेना रिगपासून वेगळा करणारा रिले हवा, आणि तोही वीजपुरवठा नसताना तुटलेल्याच स्थितीत राहणारा.

कॉलसाइनचं विचारलंय म्हणून: डीएक्ससीसीसाठी (किती देशांशी बोललात याचा पुरस्कार) ट्रान्समीटर जिथे, तिथलं स्टेशन. तुम्ही कुठे बसलात याने फरक पडत नाही. परदेशातून चालवणार असाल तर दोन्हीकडचे नियम आधी वाचा. आणि वॅनचा पत्ता कशाने सुरू होतो ते इथे कळवा, पूर्ण पत्ता टाकू नका. पुढचं त्यावर ठरवू.

७३ (शुभेच्छा)