'प्रगत सराव परिचारिका' बरोबर आहे का?

प्रश्न एका इंग्रजीवरून केलेल्या अनुवादातल्या शीर्षकाचा आहे: 'प्राथमिक काळजीमध्ये (प्रायमरी केअर) प्रगत सराव परिचारिकांचे (अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स, म्हणजे जास्तीचं शिक्षण आणि अधिकार असलेल्या नर्स) एकत्रीकरण (इंटिग्रेशन)'. हे मराठी चालेल का?

नाही चालणार. सगळ्यात जास्त खटकतो तो 'सराव'. गायक सराव करतो, खेळाडू सराव करतो. डॉक्टर मात्र प्रॅक्टिस करतात. ते 'सराव करतात' म्हटलं तर पेशंट खुर्चीवरून उठेल. इथे प्रॅक्टिस म्हणजे व्यवसाय. कायद्याच्या मराठीत 'वैद्यक व्यवसायी' आहेच, त्याच धर्तीवर 'प्रगत परिचर्या व्यवसायी' म्हणावं. पुरुष नर्सचाही प्रश्न त्यात आपसूक सुटतो. 'अधि' लावून काम भागवायचा मोह होईल, पण अधिपरिचारिका हे सरकारी रुग्णालयांतल्या स्टाफ नर्सचं पदनाम आहे.

'प्रगत परिचर्या व्यवसायी' हा शब्द नर्स प्रॅक्टिशनरलाच चिकटवू नका, तो छत्रीसारखा आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची 2020ची मार्गदर्शक तत्त्वं त्याखाली दोन वेगळ्या भूमिका मांडतात. नर्स प्रॅक्टिशनर रुग्ण तपासते, निदान करते, चाचण्या सांगते आणि कायदा परवानगी देतो तिथे औषधंही लिहून देते. परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी 1965मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुरू केलेला अभ्यासक्रम हिच्यासाठीचा. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट ही एखाद्या शाखेतली तज्ज्ञ. गुंतागुंतीचे रुग्ण आणि सहकाऱ्यांना मार्गदर्शन हे तिचं काम. मराठी प्रतिशब्द रुळेपर्यंत ही दोन नावं देवनागरीत तशीच ठेवलेली बरी.

'काळजी' वाचून आधी चिंता आठवते. 'प्राथमिक उपचार' लिहिलं तर प्रथमोपचाराची पेटी. 'प्राथमिक आरोग्यसेवा' जवळची, पण अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या 1978च्या जाहीरनाम्यापासून त्या संकल्पनेत पिण्याचं पाणी, स्वच्छता, पोषण हे सगळं येतं. दुखणं आलं की माणूस पहिल्यांदा जिथे जातो आणि पुढेही जात राहतो, त्या सेवेला मी 'प्राथमिक रुग्णसेवा' म्हणेन.

'एकत्रीकरण' वाचून सगळ्यांना एका सभागृहात जमवल्यासारखं वाटतं. 'नेमणूक' तोकडी पडते: माणूस नेमला, पण अधिकार ठरवले नाहीत, स्वतःचे रुग्ण दिले नाहीत, डॉक्टरांकडे कधी पाठवायचं ते लिहून ठेवलं नाही, तर तो रक्तदाब मोजत बसतो. 'सामावून घेणे' यात ही सगळी मांडामांड येते.

म्हणून: 'प्राथमिक रुग्णसेवेत प्रगत परिचर्या व्यवसायींना सामावून घेताना'. पुढच्या मजकुरातली क्रियापदंही तपासा. मुळात 'तपासतात' असताना भाषांतरात 'डॉक्टरांना तपासणीत मदत करतात' झालं असेल, तर तिथे शब्द नव्हे, हुद्दाच बदललाय.