ग्लुकोजच्या आडवाटा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मलेरियासाठी प्रायमाक्वीन घेतल्यावर मुलाची लघवी काळपट झाली, रक्त कमी झालं. आठवड्याभरात केलेली जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एक एन्झाइम) तपासणी मात्र नॉर्मल आली. म्हणजे दोष नाही ना?

एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. ग्लुकोजचा काही भाग ऊर्जेच्या नेहमीच्या वाटेने न जाता एचएमपी शंट या आडवाटेकडे वळतो. तिथे एटीपी, म्हणजे पेशीला लागणारी ऊर्जा, तयार होत नाही; एनएडीपीएच हा ऑक्सिडेशन रोखायला मदत करणारा रेणू मिळतो. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रियाच (पेशीतली ऊर्जाघरं) नसल्यामुळे एनएडीपीएचसाठी तिची सगळी भिस्त याच वाटेवर. एनएडीपीएच ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला जुंपतं आणि ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. या वाटेचं पहिलंच एन्झाइम जी-सिक्स-पीडी. ते कमी असताना प्रायमाक्वीनसारखं औषध पोटात गेलं, की हिमोग्लोबिन बिघडून त्याचे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात. प्लीहा ते ओरबाडून काढते. स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थरात) अशा पेशी कडेला चावा घेतल्यासारख्या दिसतात.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. एन्झाइम सर्वांत कमी असतं म्हाताऱ्या पेशींत, म्हणून त्या आधी फुटतात. मागे उरतात त्या तरुण पेशी, आणि त्यांच्यात ते बरंच असतं. तुमची तपासणी नेमकी या उरलेल्यांची झाली. सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करा. तोवर प्रायमाक्वीन, डॅप्सोन (कुष्ठरोगावरचं औषध) आणि डांबरगोळ्या मुलापासून लांबच ठेवा.

प्रश्न: बेनेडिक्ट चाचणीत लघवीत साखर दिसते, पट्टीवर दिसत नाही. रक्तातली साखर नॉर्मल. वय ३५, तक्रार काहीच नाही.

पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, बेनेडिक्ट कुठलीही क्षपणकारी (म्हणजे त्यातल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देणारी) साखर पकडतं. ही पेंटोसुरिया असू शकते: युरोनिक ॲसिड मार्ग या ग्लुकोजच्या दुसऱ्या आडवाटेवरचं एक एन्झाइम नसतं आणि एल-झायल्युलोज ही साखर लघवीत उतरते. ब्रिटिश डॉक्टर गॅरॉड यांनी १९०८ मध्येच हिची नोंद जन्मजात चयापचय दोषांत केली. उपचार लागत नाहीत. फ्रुक्टोज (फळांतली साखर) वापरणाऱ्या फ्रुक्टोकायनेज या एन्झाइमच्या अभावानेही असंच होतं, तेही निरुपद्रवी. फक्त कुणी मधुमेहाची गोळी सुरू करणार नाही एवढं पाहा.

तान्ह्या बाळात हाच निकाल, जोडीला उलट्या आणि कावीळ असेल, तर मात्र गॅलॅक्टोसेमियाचा (दुधातल्या साखरेतलं गॅलॅक्टोज न वापरता येण्याचा दोष) संशय घ्यायचा आणि रिपोर्टची वाट न पाहता, डॉक्टरांच्या सल्ल्याने, दूध त्याच दिवशी थांबवायचं.

प्रश्न: मी पुरुष आहे, मला जी-सिक्स-पीडीचा दोष आहे. मुलांना येईल?

तुम्ही पुरुष आहात, म्हणून तुमच्याकडून मुलग्यांना नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि वडिलांचं एक्स फक्त मुलींना मिळतं. मुली सगळ्या वाहक होतील, आणि काही वाहक मुलींनाही औषधांचा त्रास होतो.